खाली पाहणारे दिवे

आमच्या घरात कुणाला काही दिसेनासं झालं की पहिला संशय डोळ्यांवर. त्याला इलाज नाही, आमचं दुकानच चष्म्यांचं. बाबांनी ते उभं केलं, आयुष्यभर चालवलं, आणि पाठ कुरकुरायला लागली तेव्हा माझ्या हाती दिलं. देताना म्हणाले, "आजपासून नंबर तू काढायचा. दुकानात नंबर एकच जण सांगतो. मी मागे बसून काचा घासेन, स्क्रू आवळेन, पण तू सांगितलेल्या नंबरावर मी तोंड उघडणार नाही." मला ते तेव्हा फार बरं वाटलं. मी जरा तापट आहे. मध्ये कुणी नाक खुपसलेलं मला खपत नाही.

तर बाबांना संध्याकाळी गाडी चालवताना रस्ता दिसेनासा झाला, तेव्हा मी काय केलं? डोळे तपासले. दुसरं काय करणार!

बाबा रोज संध्याकाळी आत्याकडे जायचे. आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तिनं लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात नोकरी केली, अख्ख्या खात्याला धाकात ठेवलं, आणि निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. डोकं मात्र शाबूत, आणि ताठा तर डोक्याहून शाबूत. गावाबाहेर टेकडीपलीकडे एक शुश्रूषा केंद्र आहे, तिथे ती असते. सकाळी नि दुपारी तिथल्या बायका भरवतात, तेव्हा ती उपकार केल्यासारखे चार घास घेते. रात्रीचं जेवण मात्र दादाच्या हातचं. दादानं भरवायचं, दादानं तोंड पुसायचं. "परक्या बाईनं हनुवटी धरलेली मला चालत नाही," असं तिनं एकदा सांगितलं होतं. ते वाक्य पुरं करता करता तिला घाम फुटला, पण पुरं केलं.

बाबा उन्हं उतरली की निघायचे, तिला भरवायचे, दिवसभरात दुकानात कोण कोण येऊन गेलं ते सांगायचे आणि अंधार पडता पडता परत यायचे. एका संध्याकाळी आले ते गाडीचा डावा पत्रा पुलाच्या कठड्याला घासून. "वळणच दिसलं नाही गं," म्हणाले. मी म्हटलं, होतं कधीकधी. मग एकदा एका सायकलवाल्याला वाचवताना गाडी खड्ड्यात गेली. सायकलवाल्यानं त्यांचं सगळं खानदान उद्धारलं. बाबा घरी येऊन पाणी पीत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांना तपासणीच्या खुर्चीत बसवलं. तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा त्यांनी धडाधड वाचली. इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण छे! मी म्हटलं, चाळीस वर्षं हाच तक्ता बघतायत, पाठ झाला असणार. मी काचा घालत राहिले, "हे बरं का ते बरं" करत राहिले, आणि पाव नंबर वाढवून चष्मा केला. फरक पडला नाही. मग चकाकी कमी करणाऱ्या काचा घातल्या. त्यानंही फरक पडला नाही. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "मोतीबिंदूची किंचित सुरुवात आहे, वयाला शोभेल इतपत. घाई काही नाही." त्यातलं मला फक्त मोतीबिंदू ऐकू आलं. तिसरा चष्मा केला. बाबा तो घालून गेले आणि परत येताना फाटकाच्या खांबाला ठोकून आले.

"चावी द्या," मी म्हटलं.

त्यांनी दिली. वाद नाही, काही नाही. माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तिला डोळ्यांचं सांगू नका. घाबरेल. दुकानात काम वाढलंय म्हणा."

आमचे हे स्वभावानं गमतीचे. ते म्हणाले, "चला, घरात एक तरी माणूस आता वेळेवर घरी असेल." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून भांडी घासायला लागले.

तेव्हापासून बाबा आत्याकडे फक्त रविवारी दुपारी जाऊ लागले. मी त्यांचीच गाडी काढून घेऊन जायची, कारण तिची सीट उंच आणि बाबांच्या पाठीला बरी. बाकीचे दिवस जायचं कसं? बस टेकडीच्या अलीकडेच वळते. टॅक्सीवाला जायला तयार, पण परतायला कुणी मिळत नाही. आणि माझं दुकान. संध्याकाळीच तर गिऱ्हाईक येतं, ऑफिसं सुटली की. सगळे मार्ग आम्ही नीट बघितले होते, म्हणजे तेव्हा तरी मला तसं वाटत होतं.

रविवारी आत्या दादाच्या हातून जेवायची, पण पूर्वीसारखी नाही. पूर्वी ती त्यांना दटावायची, "घाई... नको," "गरम... आहे." आता तोंड उघडायची नि मिटायची. बाबा म्हणायचे, "अगं, दुकानात मरणाची गर्दी आहे." ती खिडकीकडे बघायची.

तीन-चार महिने असे गेले. मग एका संध्याकाळी नर्सबाईंचा दुकानात फोन आला. आत्या रात्रीचं जेवतच नाही. दोन चमचे सूप जातं, बाकी तोंड घट्ट मिटून पडून राहते. वजन फार उतरलंय. डॉक्टर म्हणतायत, असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

नळी! आत्याला! हनुवटीला बोट लावू न देणाऱ्या बाईला नाकातून नळी. मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. आमची छोटी गाडी हे घेऊन गेले होते, म्हणून बाबांच्या गाडीची चावी घेतली. बाबा उठून उभे राहिले. मी म्हटलं, "तुम्ही थांबा, गिऱ्हाईक सांभाळा, मी बघते." मी असंच म्हणते नेहमी.

दिवस मावळलेला होता. गावातले दिवे संपेपर्यंत काही कळलं नाही. टेकडीचा रस्ता लागला आणि अगं बाई, पुढे काही दिसेचना! गाडीच्या नाकासमोर चार पावलं उजेड, जमिनीवर सांडल्यासारखा, आणि त्यापुढे काळंकुट्ट. मी डोळे चोळले. चष्मा पुसला. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? की माझेही डोळे गेले! आमची जातच तशी. मग मोठे दिवे लावून बघितले, तोच प्रकार. तेवढ्यात मागून एक टेम्पो आला, मला ओलांडून पुढे गेला, आणि त्याच्या उजेडात सगळं वळण, कडेचे दगड, पाटी, झाडं मला लख्ख दिसली.

मी गाडी कडेला घेतली. म्हणजे डोळे नव्हते गेले. माझे नाही, आणि बाबांचेही नाहीत.

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. त्या उजेडात मुंगीसारखी सरकत मी केंद्रावर पोचले. आत्या झोपली होती. चादरीखाली ती इतकीशी दिसत होती. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर वाट बघतो. खायला लागल्या तर प्रश्नच नाही." मी म्हटलं, "खातील. त्यांचा भाऊ येईल आता रोज." आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन उभी केली. बाबांना एवढंच सांगितलं की गाडीत काहीतरी बिघाड दिसतोय. म्हटलं, नीट झाली की मगच सांगावं, उगाच आशा नको लावायला.

काउंटरवर एक टाय लावलेला पोरगा होता. त्यानं गाडीला कम्प्युटर जोडला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं ऑटो लेव्हलिंग गेलंय."

"माझं काही गेलेलं नाही. मराठीत सांगा."

"गाडीत मागे वजन बसलं की नाक वर होतं, मग दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातात. तसं होऊ नये म्हणून चाकांपाशी सेन्सर असतात. गाडी किती कलली ते सेन्सर सांगतो, त्याप्रमाणे दिवे आपोआप वर-खाली होतात. सेन्सर बिघडला की गाडीला काही कळत नाही. मग ती दिवे पार खाली करून ठेवते. समोरच्याला त्रास नको म्हणून."

"आणि चालवणाऱ्याला?"

"डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो ना, मॅडम."

लागत होता की! बाबांनी तो यांना दाखवलासुद्धा होता. हे म्हणाले होते, "त्या गाडीत काही ना काही पेटलेलंच असतं, लक्ष देऊ नका." घरी गेल्यावर मी यांना त्याबद्दल काय काय सुनावलं ते इथे सांगत नाही.

टायवाल्यानं खर्चाचा आकडा काढला. दोन्ही हेडलाइट पूर्ण बदलायचे, कारण आतली मोटर वेगळी मिळत नाही. आकडा मी त्याला दोनदा वाचायला लावला. त्या पैशात दुकानात डोळे तपासायचं नवीन यंत्र आलं असतं. "मोटर गेली कशावरून?" मी विचारलं. तो म्हणाला, जाऊ शकते. म्हटलं, "जाऊ तर तुम्हीही शकता. आधी सेन्सर बघा." मग त्यानं पुढच्या चाकाचा सेन्सर मागवला. तो यायला काही दिवस लागले. बसवला, दिवे तिथेच. पैसे मात्र गेले.

त्या आठवड्यात मी आमच्या छोट्या गाडीनं वर्कशॉपच्या इतक्या खेपा घातल्या की फाटकावरचा माणूस मला बघूनच फाटक उघडायला लागला. संध्याकाळ झाली की दुकान बाबांवर सोडायचं आणि वर्कशॉप गाठायचं. तिकडून नर्सबाईंचे फोन चालूच. आज तीन चमचे. आज एकच.

"पुढच्या चाकाचा बिघडला नव्हता तर बदलला कशाला?" मी काउंटरवर हात आपटून विचारलं.

"कम्प्युटर जो कोड दाखवतो तो पार्ट आधी बदलतो, मॅडम. नाही जमलं तर त्यानंतरचा. आम्ही एकेक बदलत जातो."

मी त्याच्यावर तोंडसुख घ्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मी तरी काय केलं होतं? एकेक चष्मा बदलत गेले होते. पहिला, दुसरा, तिसरा. ज्या गाडीतून दिसत नाही म्हणत होते, त्या गाडीत अंधारात एकदा बसून बघितलं नव्हतं. हा पोरगा निदान गाडी तरी तपासत होता.

"गाडी वर घ्या," मी जरा नरमून म्हटलं. "खाली वाकून बघू या."

गाडी वर घेतली. मागच्या चाकाच्या आत पेन्सिलीएवढी दांडी असते, चाकाच्या हालचालीनं सेन्सरला हलवणारी. ती सांध्यात गंजून तुटली होती आणि लोंबत होती. सेन्सरमध्ये पाणी शिरलेलं. टायवाला म्हणाला, "दगड लागला असणार. खडीच्या रस्त्यानं जाते का गाडी?" जाते. केंद्राच्या आधीचा शेवटचा पट्टा सगळा खडीचा आहे. आत्याकडे रोज जाऊन जाऊनच ती दांडी तुटली होती.

मागचा सेन्सर मात्र त्यांच्याकडे होता. दांडी, पट्टी, वायर सगळं मिळून एकच तुकडा येतो आणि त्याची किंमत सोनाराकडे विचारावी अशी. वर पुन्हा गाडी सपाट फरशीवर उभी करून कम्प्युटरला शिकवायचं, की बाबा रे, ही सरळ उभी आहे. ते शिकवायचे पैसे वेगळे. मी मुकाट्यानं दिले. दिवे भिंतीवर वर चढताना बघितले आणि मला एकदम भूक लागली.

गाडी घेऊन दुपारी दुकानात आले. बाबा मागच्या टेबलावर कुणाच्या तरी चष्म्याची दांडी बसवत होते. मी सगळं सांगितलं. सेन्सर, दांडी, पाणी, टायवाला. ते ऐकत होते, हात चालूच. मला वाटलं होतं, भडकतील. भडकायला हवंच होतं. मी तयारीनं आले होते.

"म्हणजे डोळे ठीक आहेत," मी शेवटी म्हटलं.

"हो, ते माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू दिलेल्या चष्म्यातून चक्कर यायची. पाव नंबर जास्त आहे ना. तू समोर असलीस की घालायचो, नाहीतर जुनाच वापरायचो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग बोलला का नाहीत? तोंडाला कुलूप लावलं होतं का? इतके महिने घरी बसलात, तिकडे आत्या उपाशी, आणि तुम्हाला माहीत होतं!"

"डोळे ठीक आहेत हे माहीत होतं. रस्ता का दिसत नाही ते माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मग मलाही वाटायला लागलं, आपलंच चुकत असेल, म्हातारपणी कळत नसेल. आणि मी म्हणालो असतो की नंबर चुकलाय, तर तू दर गिऱ्हाइकाला नंबर देताना मागे वळून माझ्याकडे बघायला लागली असतीस. नंबर एकच जण सांगतो."

मी तिथल्या स्टुलावर बसले. मला रडायचं नव्हतं, पण आलं रडू. बाबांनी काचा पुसायचं फडकं पुढे केलं. मी त्यात नाक शिंकरलं तर म्हणाले, "अगं, ते मऊ कापड महाग असतं."

त्याच संध्याकाळी आम्ही निघालो. चालवत बाबा होते, जुना चष्मा लावून. मी शेजारी. केंद्रात पोचलो तेव्हा जेवणाची गाडी नुकतीच फिरली होती. आत्या पलंगावर उशांना टेकून बसली होती, समोर सूपाची वाटी तशीच. दादाला बघून तिचे डोळे लकाकले आणि लगेच विझले. तिनं मान भिंतीकडे वळवली.

बाबांनी खुर्ची ओढली, चमचा भरला, तिच्या ओठांशी नेला. ओठ मिटलेले.

"रोज येणार आता," बाबा म्हणाले. "आधीसारखं."

"दुकानात... गर्दी... ना?"

"नव्हती गर्दी. गाडीचा सेन्सर गेला होता. दिवे खाली बघायला लागले होते, अंधारात रस्ता दिसायचा नाही."

आत्याचं अर्धं तोंड वाकडं झालं. ती हसत होती. "सेन्सर," ती म्हणाली. आयुष्यभर लोकांच्या थापा तारेवरून ऐकलेली बाई ती. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, की दादा, कंटाळलास तर कंटाळलो म्हण, पण असलं काही सांगू नकोस. बाबांचा चमचा हवेतच राहिला. त्यांना पुढे बोलता येईना. कसं येणार? पुढे बोलायचं म्हणजे माझं नाव घ्यावं लागणार.

"खरं आहे, आत्या," मी म्हटलं. "आणि चूक माझी आहे. त्यांना दिसत नव्हतं ते गाडीमुळे, आणि मी म्हटलं डोळे गेले. तीन चष्मे केले, तिन्ही चुकीचे. चावी मी काढून घेतली. त्यांना यायचं होतं गं. रोज यायचं होतं. रोज या वेळेला दुकानाच्या दारात जाऊन उभे राहायचे. एवढंच झालं की त्यांना गाडी चालवता येत नव्हती."

आत्यानं मान भिंतीवरून वळवली. दादाकडे बघितलं. त्यांच्या नाकावरच्या जुन्या चष्म्याकडे बघितलं. तिचा चेहरा सैल पडला, आणि मला कळलं की तिला पटलं. मी सुटकेचा श्वास सोडला.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. रागानं नाही. काहीतरी खरंच कळत नसल्यासारखी. ओठ हलले, शब्द जुळवायला वेळ लागला.

"तुला... येते ना... गाडी?"

बाबांनी खाली वाटीत बघितलं.

"येते, आत्या," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग ती दादाकडे वळली आणि तोंड उघडलं.